भाग 23 : दुसऱ्याच्या नाटकाला नावं ठेवणारा माणूस

(आमच्या पॉडकास्टच्या तेविसाव्या भागाचा हा लिखित मजकूर. डेटा संपला असेल किंवा गाडीत रेंज जात असेल, तर वाचा. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

खुटबावहून बोलतोय. मागे जो आवाज येतोय ना, ती दौंडकडे जाणारी गाडी आहे. दार-खिडक्या लावून बसलोय, पण गाडीला कोण सांगणार रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून.

आजचा भाग एका टीकाकारावर आहे. नाटकाच्या टीकाकारावर. तेही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. आता तुम्ही म्हणाल, भावा, गेल्या भागात गुऱ्हाळावर बोललास, त्याच्या आधी कॅनॉलच्या पाण्यावर, आणि आज हे मध्येच काय? थांबा जरा. याचं कारण माझंच एक जुनं लफडं आहे. लफडं म्हणजे तसलं नाही. एक रील.

मागच्या वर्षी आमच्या जत्रेत पोरांनी नाटक बसवलं होतं. दर वर्षी तमाशा नाहीतर ऑर्केस्ट्रा असतो. माझा एक मित्र, शाळेपासूनचा, तो म्हणाला, यंदा आपण आपलं नाटक करू. त्यानेच लिहिलं. विषय दारू. बाप पितो, घर बुडतं, शेवटी मुलगी बापाच्या हातातली बाटली काढून घेते. मुलीचं काम करायला दहावीतली एक मुलगी तयार झाली. गावातली मुलगी, गावच्या स्टेजवर, सगळ्या गावासमोर. आता हे ऐकायला सोपं वाटतं. तिच्या घरी किती बैठका झाल्या ते मित्रालाच माहीत.

आणि नेमकी बाटली काढून घ्यायची जागा आली, तेव्हा ती वाक्य विसरली. माईकने शिट्टी मारली. ती तशीच उभी राहिली, बाटलीकडे बघत. मी मोबाईल धरूनच उभा होतो. अडतीस सेकंदांचा तुकडा कापला, खाली हसण्याचा आवाज टाकला, वर लिहिलं, ‘आमच्या गावचं नाट्यसंमेलन’. सकाळपर्यंत यवतपासून पाटसपर्यंत सगळ्या ग्रुपवर. लोक मला म्हणत होते, लय भारी रिव्ह्यू केलास. आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

आठ दिवसांनी आमचे मराठीचे सर भेटले. आता निवृत्त आहेत. मी पाया पडलो. सर म्हणाले, “नाटकाचं परीक्षण केलंस म्हणे?”

म्हटलं, “हो सर, म्हणजे असंच, गंमत.”

“नाटक किती वेळ बघितलंस?”

मी गप्प. कारण ती मुलगी अडखळली त्यानंतर मी भेळ खायला गेलो होतो. पुढचं नाटक मी बघितलंच नव्हतं.

सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वाच. तेही तुझ्याच वयाचे असताना दुसऱ्याच्या नाटकाला नावं ठेवूनच पुढे आले.”

तर मंडळी, हा भाग त्या कोल्हटकरांचा.

तेव्हाचं नाटक कसं होतं?

आधी काळ समजून घेऊ. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली 1837 मध्ये आणि गेली 1901 मध्ये. आपल्या मराठी रंगभूमीचं सगळं बाळपण याच काळात येतं. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं. मग पुष्कळ वर्षं पौराणिक नाटकं चालली, देव-दानव, मारामाऱ्या. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ आणलं आणि सगळा माहोल पालटला. त्यात पदं किती माहितीये? दोनशेच्या आसपास! आपल्याला तीन मिनिटांचं गाणं पूर्ण ऐकवत नाही. तेव्हा लोक रात्री बसायचे ते पहाटे उठायचे. मध्ये वन्समोअर. एकच पद दोनदा, तीनदा.

आणि बाईचं काम पुरुष करायचे. भाऊराव कोल्हटकर हे त्यातले मोठे नट, शकुंतला आणि सुभद्रा गाजवलेले. आडनाव सारखं आहे म्हणून घोळ करू नका. ते भाऊराव, आपले ते श्रीपाद कृष्ण.

श्रीपाद कृष्णांचा जन्म 1871 चा, नागपूरचा. वाढले विदर्भात, शाळा अकोल्याला. कॉलेजसाठी आले पुण्याला, डेक्कन कॉलेजात. 1891 मध्ये बी. ए. झाले, मग वकिलीचा अभ्यास. इथे मला एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपली पुणे-दौंड लाईन तेव्हा होतीच, आणि दौंड-मनमाड लाईन 1878 मध्ये सुरू झाली. पुण्याहून विदर्भात जायचा तो एक रस्ता होता. आता कोल्हटकर कोणत्या डब्यात बसले ते सांगायला मी काही तिथे नव्हतो. पण एक विशीतला पोरगा, सुट्टीला घरी निघालेला, डोक्यात रात्री बघितलेलं नाटक, आणि खिडकीबाहेर आपल्या इकडची पिवळी ज्वारी. हे चित्र मी मनात धरलंय. डेमूत उभा असलो की आठवतं. कारण मीही तेच करत असतो, बघितलेल्यावर मनात शेरे मारत.

फरक पुढे आहे. त्यांनी तो शेरा पूर्ण लिहून काढला.

बाविसाव्या वर्षी लिहिलेलं परीक्षण

तेव्हा मुंबईहून ‘विविधज्ञानविस्तार’ नावाचं मासिक निघायचं, 1867 पासून. नावाप्रमाणेच सगळं असायचं त्यात, शास्त्र, इतिहास, कादंबरी, पुस्तकांची परीक्षणं. ‘विक्रमशशिकला’ नावाचं एक नाटक आलं होतं. त्यावर कोल्हटकरांनी सविस्तर परीक्षण लिहिलं आणि ते या मासिकात आलं. 1893 च्या सुमाराला. वय साधारण बावीस. अजून वकील झालेले नाहीत, स्वतःचं एकही नाटक नाही, कुठल्या कंपनीत ओळख असून मोठेपणा मिळालाय असंही नाही. आणि या लेखाने त्यांचं नाव झालं. लोक म्हणायला लागले, हा कोण नवीन?

आता हे आपल्या जगात आणून बघा. तेव्हा क्लिप नाही. स्क्रीनशॉट नाही. ज्याने नाटक बघितलं नाही त्याला ते कसं होतं हे शब्दांत उभं करून सांगावं लागायचं. गोष्ट काय, ती पटते का, पात्रं बोलतात ती त्यांच्या तोंडी शोभतात का, विनोद कुठे आला आणि का आला. एवढं लिहायचं तर नाटक शेवटपर्यंत बघायला लागतं, छापलेलं असेल तर परत वाचायला लागतं. मग हाताने लिहून पोस्टाने पाठवायचं. मासिक निघेल तेव्हा छापून येणार. तोपर्यंत राग असला तरी निवून जातो, आणि उरतं ते फक्त म्हणणं.

माझ्या रीलला वेळ लागला चार मिनिटं. त्यातली दोन हसण्याचा आवाज निवडण्यात गेली.

कोल्हटकरांनी पुढेही अशी परीक्षणं लिहिली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकावर लिहिलं, वामन मल्हार जोशींच्या ‘रागिणी’ कादंबरीवर लिहिलं. केळकर म्हणजे ‘केसरी’चे संपादक, साधा माणूस नाही. पण मोठ्या माणसाचं नाटक म्हणून ओवाळणी नाही आणि मोठ्या माणसाला पाडायची संधी म्हणून दगड नाही. कलाकृती समोर ठेवायची आणि तिच्याशी झोंबायचं. मराठीत परीक्षण म्हणजे काय हे ज्यांनी घडवलं, त्यांत त्यांचं नाव घेतात ते याच्यासाठी.

तिकडे लंडनमध्ये

जरा बाहेर डोकावू. त्याच वर्षांत लंडनला क्लेमेंट स्कॉट नावाचा टीकाकार होता. ‘डेली टेलिग्राफ’ या पेपरात त्याने पंचवीसहून जास्त वर्षं नाटकांवर लिहिलं. त्याच्या एका लेखावर नाटक चालायचं नाहीतर पडायचं, इतका दरारा. 1891 मध्ये तिथे इब्सेनचं ‘घोस्ट्स’ हे नाटक झालं. घरातल्या प्रतिष्ठेखाली काय काय दडपलेलं असतं त्यावरचं नाटक. स्कॉटच्या पेपराने त्याची तुलना थेट उघड्या गटाराशी केली. आज इब्सेन जगभर शिकवतात, आणि स्कॉटचं नाव निघतं ते बहुतेक वेळा इब्सेनला ओळखू न शकलेला टीकाकार म्हणून.

पण त्याची खुर्ची गेली ती इब्सेनमुळे नाही. एका मुलाखतीत तो म्हणून बसला, की रंगभूमीवर काम करून बाईला चारित्र्य सांभाळणं जमत नाही. अर्थ असाच. इतका गदारोळ झाला की 1898 मध्ये त्याला बाजूला व्हावं लागलं. बघा हं. आयुष्यभर नाटकांवर लिहिलं, आणि शेवटी नाटक सोडून नाटकात काम करणाऱ्या बायकांवर बोलला, तिथे संपलं.

हे वाचलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवला. कारण मी नाटकावर काय बोललो होतो? काहीच नाही. मी एका दहावीच्या पोरीवर बोललो होतो. स्कॉटने निदान मुलाखत दिली, मी तर हसण्याचा आवाज लावला.

स्वतः मैदानात उतरला

आता गोष्टीतला खरा भाग. टीकाकाराला सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य कोणतं? “एवढं कळतं तर तूच करून दाखव!” मी तर ते रोज ऐकतो.

कोल्हटकरांनी करून दाखवलं. 1896 मध्ये त्यांचं ‘वीरतनय’ आलं, आणि ते करणारी कंपनी कोणती? किर्लोस्कर मंडळी. म्हणजे तेव्हाची सगळ्यात मोठी. त्यानंतर ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’, ‘वधूपरीक्षा’, अशी डझनभर नाटकं. वकिलीची परीक्षा 1897 मध्ये झाली. पोटापाण्यासाठी अकोल्याला आणि मग बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव-जामोदला वकिली, आणि उरलेल्या वेळात हे. म्हणजे पुण्या-मुंबईत बसून नाही. आपल्यासारख्याच आडगावातून.

त्यांनी काय बदललं? दोन मोठ्या गोष्टी.

एक, चाली. तोपर्यंत संगीत नाटकात साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावणीचं वळण असायचं. कोल्हटकरांना पारशी, गुजराती, उर्दू नाटकांतल्या चालींचं वेड. त्यांनी त्या मराठीत आणल्या. तेव्हाच्या जुन्या रसिकांनी नाकं मुरडली, तरुणांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे आज कुणी अभंगाला वेगळा बीट लावला की कमेंटमध्ये जे होतं तेच.

दुसरी, गोष्ट. पुराणातली किंवा संस्कृतातली गोष्ट घ्यायची ही सवय सोडून ते मनाने कथा रचायला लागले. आणि कथेत समाजाचा एक प्रश्न ठेवायचा. ‘मतिविकार’मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाचा. ‘गुप्तमंजूष’मध्ये बाईच्या शिक्षणाचा. ‘मूकनायक’मध्ये नायक मुका असल्याचं सोंग घेतो, आणि त्या सगळ्या गमतीच्या आत विषय कोणता? दारू.

हो. दारू. माझ्या मित्राचा विषय.

आणि बाईने शिकावं असं सांगणाऱ्या या नाटकांतल्या बाया कोण होत्या? पुरुष. पुढे बालगंधर्वांनीही यांतल्या नायिका केल्या. बाईबद्दलचं नाटक चाललंय आणि स्टेजवर बाई नाही, असा तो जमाना. मग विचार करा, आमच्या जत्रेत ती मुलगी जेव्हा उभी राहिली, तेव्हा तिच्या मागे केवढी मोठी रिकामी जागा होती. ती भरायला ती आली होती. आणि मी अडतीस सेकंदांत तिला खाली उतरवलं.

मग त्यांची नाटकं चांगली होती का?

इथे प्रामाणिक बोलायला लागेल, नाहीतर टीकाकारावरच्या भागात आपणच ओवाळणी करत बसू.

मी ‘मूकनायक’ वाचायला घेतलं. सरांकडे जुनी प्रत होती, पानं अशी की उलटताना भीती वाटावी. वाचताना पहिल्यांदा मजा वाटली. मग दम लागला. गोष्टीत इतके वेषांतर, इतके योगायोग, की कोण कोणाला काय समजतंय याचा कागदावर हिशेब मांडावा लागतो. आणि सगळेच हुशार बोलतात! नायक कोटी करतो, नायिका कोटी करते, नोकरसुद्धा कोटी करतो. सगळ्यांच्या तोंडून लेखकच बोलतोय असं वाटायला लागतं. हे काही माझं नवं संशोधन नाही. नाटक कृत्रिम आहे, कथानक गुंतागुंतीचं आहे, संवादांत कोट्यांची गर्दी आहे, हा ठपका त्यांच्यावर पहिल्यापासून आहे.

म्हणजे बघा. ज्या माणसाने दुसऱ्याच्या नाटकात गोष्ट पटते का, पात्र स्वतःच्या तोंडाने बोलतंय का, हे तपासलं, त्याच्याच नाटकात लोकांनी त्याच जागा दाखवल्या. ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ आजही होतात. देवलांची ‘शारदा’, 1899 ची, आजही होते. कोल्हटकरांची नाटकं आज रंगमंचावर जवळजवळ नाहीतच.

मग हा माणूस हरला का?

मला आधी तसंच वाटलं. मी सरांना म्हटलंही, “सर, यांचं तर काहीच टिकलं नाही.” सर म्हणाले, “गडकरी कुणाला गुरू मानत होते, बघ.”

राम गणेश गडकरी. ‘एकच प्याला’वाले. गडकरी कोल्हटकरांना गुरू मानायचे, उघडपणे. मामा वरेरकर, तेही. वि. स. खांडेकर, ज्यांना ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळालं, तेही. तीन वेगळ्या वाटांची तीन मोठी माणसं आणि तिघांचा गुरू एकच, जळगाव-जामोदचा वकील.

‘मूकनायक’मधला दारूचा विषय गडकऱ्यांच्या हातात आला आणि 1919 मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. वेषांतर नाही, राजपुत्र नाही. एक हुशार वकील, त्याची बायको, आणि घराची राखरांगोळी. नाटक आलं त्या वर्षीच्या जानेवारीतच गडकरी गेले. वय तेहतीस. पण नाटक शंभर वर्षं झाली तरी लोकांना रडवतंय. गुरूच्या नाटकात जे अडकलं होतं ते शिष्याच्या नाटकात मोकळं झालं. आणि शंभर वर्षांनी तोच विषय घेऊन माझा मित्र खुटबावच्या जत्रेत उभा राहिला. त्याला हे माहीत होतं का? नव्हतं. त्याच्या नाटकातला बाप त्याने शेजारच्या घरात बघितलेला होता.

मला यातून काय कळलं सांगतो. टीकाकाराचं काम म्हणजे शेवटचा निकाल देणं नाही. पुढच्या माणसाला वाट थोडी मोकळी करून देणं. कोल्हटकरांनी आधी दुसऱ्याच्या चुका दाखवल्या, मग स्वतः तशाच चुका चारचौघांत केल्या, त्यावर झालेली टीका सोसली, आणि तरी नवीन पोरांना दारात उभं राहू दिलं. याला हरणं म्हणत असतील तर मला पण असंच हरायचंय.

सुदाम्याचे पोहे

एक गोष्ट राहिली. हसणं. कारण माझा गुन्हा हसण्याचाच होता ना. आणि कोल्हटकर तर मराठी विनोदाचेच मोठे नाव!

1902 मध्ये त्यांनी ‘साक्षीदार’ नावाचा विनोदी लेख लिहिला आणि मग तशा लेखांची रांगच लागली. त्यांचं पुस्तक ‘सुदाम्याचे पोहे’. सुदामा हा सांगणारा, आणि त्याचे दोन दोस्त, बंडूनाना आणि पांडूतात्या. तिघे मिळून सण, रूढी, भोंदूपणा, सगळ्याची खिल्ली उडवतात. चोरांचंसुद्धा संमेलन भरवतात, आपल्याकडच्या संमेलनांसारखंच, भाषणांसकट! बऱ्याच लोकांना ते झोंबलं असणार, कारण हसू धर्माच्या नावाने चाललेल्या खुळांवर होतं.

पण हे लेख वाचताना एक गोष्ट लक्षात येते. सुदामा स्वतः शहाणा नाही. तो आणि त्याचे दोस्त स्वतःच फजित होतात. म्हणजे हसू सुरू होतं ते सांगणाऱ्यापासून. आणि ज्याच्यावर हसायचं ते त्याच्यापेक्षा मोठं असतं. रूढी, गर्दी, बडेजाव. एकटी, घाबरलेली, वाक्य विसरलेली पोरगी नाही.

माझ्या रीलमध्ये मी कुठेच नव्हतो. कॅमेऱ्यामागे होतो.

मग मी काय केलं

रील डिलीट केली. पण डिलीट करून काय होतं? दहा ग्रुपवर ती अजून फिरतेय. कुणीतरी परवाच मला परत पाठवली, ‘जुनं सोनं’ लिहून.

मग त्या मुलीच्या घरी गेलो. ती बाहेर आली नाही. तिची आई भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, “आता काय उपेग बाबा? तिचे वडील म्हणले, झाली तेवढी शोभा बास. आता ती स्नेहसंमेलनात पण भाग घेत नाही.” मी म्हटलं, “काकू, चूक माझी आहे, तिची नाही.” त्या म्हणाल्या, “हे आम्हाला कशाला सांगतोस? ज्यांनी बघितलं त्यांना सांग.”

म्हणून हा भाग. ज्यांनी बघितलं त्यांना सांगतोय.

तिथून मित्राकडे गेलो. वर्षभर आम्ही बोललो नव्हतो. त्याने चहा पण विचारला नाही. फक्त म्हणाला, “शेवट बघितला होतास का तू?” म्हटलं, नाही. मग त्याने सांगितलं. ती वाक्य विसरली, उभी राहिली, आणि मग काही न बोलता तिने बापाच्या हातातून बाटली घेतली आणि स्टेजच्या कडेला जाऊन ओतली. वाक्याशिवाय. पुढे बसलेल्या बायका टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. त्याने लिहिलेल्या वाक्यापेक्षा ते भारी झालं, असं तोच म्हणाला. नाटकातली सगळ्यात चांगली जागा माझ्या रीलच्या एकोणचाळिसाव्या सेकंदाला सुरू होत होती.

मग तो म्हणाला, “लय कळतं ना तुला? यंदाचं तू लिही.” टोमणाच होता. पण मी घेतला. चार पानं लिहिली. तुम्हाला सांगतो, दोन माणसं चुलीपाशी बसून बोलतायत एवढा साधा प्रवेश मला जमला नाही. दोघंही माझ्यासारखंच बोलायला लागली. कोल्हटकरांवर वर जो शेरा मारला ना, तोच माझ्यावर! मित्राने पानं वाचली, पेन घेतलं, आणि समासात लिहीत बसला. कुठे गोष्ट अडते, कुठे माणूस खोटं बोलतो. दोन तास. हसला नाही. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं परीक्षण. ते झाल्यावर त्याने चहा टाकला.

यंदाचं नाटक शेवटी त्यानेच लिहिलंय. मी प्रॉम्प्टिंगला आहे. पडद्यामागे वही घेऊन बसायचं, कुणी अडखळलं की हळूच वाक्य सांगायचं. माझ्यासाठी बरोबर जागा आहे ती. त्या मुलीला निरोप दिलाय, काम ठेवलंय तिच्यासाठी. ती अजून आलेली नाही. येईलच असं नाही. तालमीला आम्ही तिची खुर्ची मात्र मांडतो.

कोल्हटकरांचं पुढे काय झालं तेवढं सांगून थांबतो. 1927 मध्ये पुण्यात साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. ज्या पुण्यात कॉलेजचा पोरगा म्हणून आले, तिथेच. ज्योतिर्गणितावरही त्यांचं एक पुस्तक आहे, म्हणजे डोकं कुठे कुठे चालायचं बघा. ‘बहु असोत सुंदर’ हे महाराष्ट्राचं गीत शाळेत म्हटलं असेल तुम्ही, तेही त्यांचंच. 1934 मध्ये ते गेले. ‘आत्मवृत्त’ हे त्यांचं आत्मचरित्र नंतर, 1935 मध्ये, पुस्तक म्हणून आलं.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. कुणाचंही काही बघा, शॉर्टफिल्म, भजनीमंडळ, शाळेतली एकांकिका, काहीही. पण शेवटपर्यंत बघा. आणि मग त्या माणसाला, ग्रुपवर नाही, त्या माणसाला, समोर जाऊन तीन वाक्यं सांगा. काय आवडलं, कुठे अडलं, आणि का. ‘का’ सांगता येत नसेल तर अजून एकदा बघा.

आणि आमच्या जत्रेला या. नाटक रात्री नऊला म्हणतात, म्हणजे साडेदहाला सुरू होईल. पहिल्या रांगेत बसा. भेळ नंतर खाऊ.

चला, गाडी आली परत. भेटू पुढच्या भागात.